दुसरं पाणी

मातीच्या भांड्यात काढा उकळतोय.
पहिलं पाणी गाळून झालं, आता दुसरं.
वासावरून सगळ्या जिन्याला कळतं,
झाय शूयुनची वेळ झाली.

त्या वसंतात बीजिंगमधल्या तिच्या वॉर्डाला
बाहेरून कुलूप, ती आत.
आधी रुग्णांच्या उशाशी, मग त्यांच्याच ओळीत.
फुप्फुसं वाचावीत म्हणून
सलाइनमधून स्टेरॉइड, रोज, वाढतं.
फुप्फुसं वाचली.
दीड वर्षाने बस पकडताना
डावा खुबा आतून काहीतरी बोलला.

एमआरआयची फिल्म मी खिडकीला धरतो:
उकडलेल्या अंड्याला टिचकी मारावी
तशी हाडाची दोन गोल डोकी.

वैद्य लू लिहून देतात
दानशेन, दांगग्वेइ, आणि एक मूळ,
ज्याचं नावच ‘मोडलं हाड सांधणारं’.
ती हसते.
‘नाव ठेवणाऱ्याचे खुबे शाबूत असणार.’

गुण येतो का, विचारू नका.
रात्री दुखणं जरा लवकर झोपतं, एवढंच.

शेजारीण म्हणाली, हाडाची नर्स होती हो.
होती कशाला?
काल खालच्या पोरीचा ताप बघायला
कुबड्या टेकत दोन मजले उतरली.
काढा इकडे गार.
मी परत गॅसवर ठेवला.