शीर्षक नाही, कॅनव्हासवर तैलरंग

मी गेले होते मीटर वाचायला.
सिव्हिल लाइन्समधली गॅलरी, जिन्याखाली थ्री फेजचा डबा,
डब्यावर पालीची अंडी.
आकडा टिपला, फोटो काढला,
आणि दाराबाहेर शेहेचाळीस डिग्री उभे होते
म्हणून जरा थांबले कूलरपुढे.

वाळ्याचा ओला वास. त्याच्या आत दुसरा एक,
जवसाच्या तेलाचा, अजून नीट न वाळलेला.
वळले, तर भिंतभर ते.

चित्र कसलं, भांडण होतं.
पिवळा, पण हळदीचा नाही,
कावीळ झालेल्या डोळ्यांचा.
एक हिरवा चेहरा, चेहरा म्हणायचा म्हणून,
कुणी पुसायला गेलं आणि तो फडक्यासोबत सरकला असा.
आणि वरून खाली लोंबणारा एक हात,
कोपरापर्यंत तांबडा, पुढे निळा, बोटं काळी.
काही ठिकाणी रंग इतका जाड
की ब्रशचा केस तसाच अडकलेला,
आणि एका जागी अख्खा अंगठा उमटलेला,
रेषांसकट.

मला चित्रातलं काही कळत नाही.
शाळेत माझा सूर्य कायम दोन डोंगरांमधूनच निघाला,
नागपुरात डोंगर कुठले, हे कुणी विचारलं नाही.
पण तो हात मी ओळखला.

बाबा इतवारीत सूत रंगवायचे.
त्यांचा हात एका रंगाचा मी कधी पाहिला नाही.
लग्नकार्याला राखेनं, लिंबानं, शेवटी रॉकेलनं घासायचे,
तरी नखात आठवडा राहायचाच:
सोमवारचा गुलाबी, बुधवारचा मोरपंखी.
मेयोच्या खाटेवरून
तो हात असाच खाली आला होता एकदा,
आणि मी तो उचलून चादरीवर ठेवला नाही,
कारण मी औषधांच्या पावतीची बेरीज करत होते.
सहाशे बेचाळीस.
बेरीज बरोबर आली होती.

अकरा वर्षांनी, जिन्याखालच्या मीटरच्या साक्षीनं,
रडले.
कूलर जुना होता, आवाजात खपून गेलं.

गुरुवारी पुन्हा गेले. मीटरचं काही काम नव्हतं.
हात वर गेलेला.
पिवळा खाली साचलेला, पाय बुडतील एवढा,
आणि त्या हिरव्या चेहऱ्याला आता तोंड होतं,
उघडं, हाक मारणारं.
गार्ड बारापात्रे खुर्ची ओढत आले:
"उलटं टांगलं होतं जी ते. तीन दिवस!
कोणाच्या बापाले समजलं नाही.
काल गहाणे बाई आल्या, चित्रवाल्या,
अशा भडकल्या का काही विचारू नका.
म्हणे, तो हात थांब म्हणून रायला,
कोणीतरी चाललं आहे न, त्याले."

थांब.
बरं.
चित्र चांगलं होतं. बहुतेक आधीपेक्षा चांगलं.
ज्यांनी काढलं त्यांना माहीत असणार
वर काय नि खाली काय.
पण मग परवा माझ्यापाशी जो आला होता
तो कुणाचा? खिळ्याचा?
घाईत टांगणाऱ्या त्या पोराचा?
त्याला जाऊन सांगावं का काही?

बारापात्रे पाणी भरायला मागे गेले.
मी बॅग खाली ठेवली, ओढणी खोचली,
आणि लहानपणी मैदानात वाकायचो तशी वाकले,
पायांमधून उलटं जग बघायला.
डोक्यात रक्त उतरलं, कान वाजले,
पिवळा सावकाश वर गेला,
तोंड मिटलं,
आणि तो हात खाली आला,
तांबडा, निळा, काळा,
अगदी माझ्या जवळ.

मी धरला असता.
पण तोल जाऊ नये म्हणून
दोन्ही हातांनी गुडघे धरले होते.

"ऊन लागलं काय जी?"
मागे बादली ठेवल्याचा आवाज.
बारापात्र्यांनी खिशातला कांदा काढला, पुढे केला,
दिवसभर खिशात राहून कोमट झालेला.

"हाव," म्हटलं.
घेतला.