चार बोटांचं अंतर

शनिवार. लागोस. सकाळचे साडेसात.
माझ्या व्हॅनमध्ये पाच मजली केक,
सुरुलेरेहून निघालेला, लेक्कीच्या लग्नाला.
त्यावर इफेयिन्वाबाईंनी रात्रभर जागून लावलेली साखरेची फुलं,
आणि एसी असा, की नुसताच आवाज करतो.
दार लावताना बाई एवढंच म्हणाल्या :
ब्रेक हळू, रेडिओ मोठा.

रेडिओवर मोसुनमोला.
तिचा आवाज काही गोड नाही.
घोगरा, मागे जनरेटरची घरघर,
मध्येच बिस्किट मोडल्याचं ऐकू येतं.
दुसऱ्या स्टेशनवरचा पोरगा दोन गाण्यांच्या मध्ये
'सगळं सुरळीत, मित्रांनो' म्हणतो.
त्याच्या त्या सुरळीतात मी एकदा
पावणेतीन तास उभा होतो,
आणि मागे तीन डझन कपकेक
उकाड्यात टोप्या उतरवून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

मोसुनमोला सांगते :
कॉस्टेनला ट्रेलर आडवा,
एकच लेन चालू,
शेंगदाणेवाल्या बाईनं आत्ता मोजलं,
मिनिटाला अकरा गाड्या.
सांगते : अडेकुनलेचा चढ मोकळा,
आपला पंक्चरवाला तिथे रिकामा बसलाय.
आणि सांगते :
थर्ड मेनलँड पुलाचं मला माहीत नाही.
पाच मिनिटांनी सांगते.

हे 'माहीत नाही' ह्या शहरात
मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.
ना पास्टरच्या, ना मेकॅनिकच्या,
ना माझ्या.

चुकली नाही असं नाही.
गेल्या हर्माटनच्या धुळीत, एका मंगळवारी,
तिनं आम्हा सगळ्यांना एको ब्रिजवर धाडलं
आणि तिथे टँकर कलंडलेला.
पुलावर तिला शिव्या पडल्या, योरुबात, इग्बोत, पिजिनमध्ये.
मीही दोन घातल्या, आईच्या एडो भाषेत.
बुधवारी सहाला, बातम्यांच्याही आधी, ती म्हणाली :
काल आठ वाजून दहा मिनिटांनी मी चुकीचं सांगितलं.
ऐकीव होतं.
पाहिलंत का, असं मी विचारलंच नाही.
कुणाची परीक्षा बुडाली असेल, कुणाचा रोज गेला असेल.
एवढंच. आणि लगेच ओजोटाचा चौक.
त्या दिवसापासून माझ्या रेडिओचा काटा
हललेला नाही.

कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर, म्हणतात.
आमच्याकडे तेवढ्यात दुपार होते.

याबाच्या फाट्यावर मी कडेला घेतो.
मागचे हॉर्न माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.
फुलांपैकी एक, निळं, जरा वाकल्यासारखं.
चार मिनिटं.
माकोकोच्या पाण्यावर तिचा एक कोळी असतो म्हणे,
तो पुलाकडे मान वर करून बघत नाही,
सकाळच्या उन्हात पाण्यावर पडलेल्या
गाड्यांच्या सावल्या बघतो,
सरकतायत की थांबल्यात.
पाच.

'सरकतायत,' मोसुनमोला म्हणते.

मी चढ घेतो. सरकतायत खरंच.
डावीकडे खाडी, धूर, लाकडाचे ओंडके,
आणि कुठेतरी खाली तो माणूस,
ज्याच्या नजरेतून
आत्ता माझी, केकची, बाईंच्या जागरणाची
सावली जात असेल.

मग पूल अर्धा झाल्यावर
पुढे एक डॅन्फो धूर ओकत मधल्याच लेनमध्ये बसते.
कंडक्टर उतरून टायरला लाथ मारतो.
आम्ही सगळे थांबतो.
रेडिओवरचा नंबर मला पाठ आहे,
पण आजवर कधी लावला नव्हता.
रिंग. जनरेटर. ती स्वतःच.
मी म्हणतो, पुलावर, मध्यावर, डॅन्फो बंद पडलीय.

'पाहताय, की ऐकलंत?'

पाहतोय.

'बाजूनं किती निघतायत मिनिटाला?'

थांबा, म्हणतो,
आणि काच खाली करून
मोजायला लागतो.