सहा तास

कॉर्नफ्लॉरच्या डब्याच्या पाठीवर छापलं होतं:
गोठायला किमान सहा तास.
आम्ही शेगडी पेटवली तेव्हा दुपारचा एक वाजला होता
आणि आईची गाडी यायची पाचला.
कोर्टाच्या कागदावर तसंच होतं, पाच म्हणजे पाच.
हे गणित तिसरीतल्या मुलीलाही येतं.
मी बोलले नाही.
बाबाही नाही.

टोलेडोतला जुलै. काचकारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून
त्यांची नवी जागा, म्हणजे जुनीच, त्यांना नवी:
एक पातेलं, दोन चमचे,
माप नाही म्हणून बोलिंग क्लबचा कान उडालेला मग.
साखर अर्धा मग. कोको चार चमचे, शीग लावून.
कॉर्नफ्लॉर आधी गार दुधात कालवायचं,
नाहीतर गुठळ्या होतात, मग त्या जन्मभर चावत बसा,
असं म्हणाले, आणि का कोण जाणे,
पातेल्यातच बघत राहिले.

‘ढवळत राहा, बर्नडेट. थांबलीस की तळ धरेल.’
खिडकीत खार आली. मी थांबले.
तळ धरला.
त्यांनी वरचं वरचं अलगद ओतून घेतलं.
‘तळ खरवडायचा नाही. वरचं सगळं चांगलंच असतं.’

चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली, रेघ राहिली.
मला वाटलं, आता फ्रीजरमध्ये.
छे. शर्टाच्या खिशावर ‘लेलंड’ असं शिवलेला,
बावीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस:
गरम वस्तू घाईने गार केली की तडकते,
आमच्याकडे त्यासाठी वेगळी भट्टी असते,
नुसती हळूहळू थंड करायला.
थंड करायला भट्टी! मी खूप हसले.
ते पुडिंगच्या अंगालगत प्लास्टिक बसवत होते,
साय धरू नये म्हणून,
आणि मनगटावरचा भाजल्याचा डाग चकाकत होता.

पावणेतीन.

सहा कागदी पेले. फॉइल उसनं,
वरच्या मजल्यावरच्या मिसेस पियोत्रोव्स्कींकडून
(त्यांनी सोबत एक टोमॅटोही दिला).
फॉइलला मधोमध चीर, चिरेतून काडी,
म्हणजे काडी शिपायासारखी ताठ राहते.
प्रत्येकावर मी पेनाने माझं अक्षर काढलं.
ईरी सरोवरातले मासे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
जरा सरकवून जागा केली.

मग मी सारखी दार उघडायला लागले.
‘उघडलंस की दहा मिनिटं मागे जातं.’
हे ऐकल्यावर
जास्तच उघडू लागले.

पाचला हॉर्न.
बाबांनी एक पेला काढला, काडीला बोट लावलं.
काडी कलली, लग्नात प्यायलेल्या काकांसारखी.
‘घेऊन जा. चमच्याने खा.’
आणि चमचा दिला, दोनातला एक.

सीटवर सांडू नकोस, आई म्हणाली.
मॉन्रो स्ट्रीटच्या सिग्नलला तिने हात पुढे केला,
चाखलं. ‘करपलंय.’
सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला,
ती दुसरा चमचा भरत होती.

दोन आठवड्यांनी गेले तर पाचही कांड्या तशाच.
फॉइलवर बर्फाची लव, तिच्याखाली माझं अक्षर.
चमचा परत दिला, त्यांनी तो धुतला, चमचा धुतलेलाच होता.
पेला नळाखाली धरून कागद सोलला.
दात लावला: कचकच नाही, बर्फाचा खडा नाही,
मऊ, दाट, थंड,
आणि किंचित माशाचा वास.
‘आता झाल्यात,’ बाबा म्हणाले.

कांडी हातात, तरी मी फ्रीजरचं दार
पुन्हा उघडलं, उगाच,
आणि थोडा वेळ
उघडंच ठेवलं.