असू दे

अजमानच्या मासळीबाजारामागं आमचं टायपिंग सेंटर.
दोन टेबलं, एक प्रिंटर, गळक्या एसीखाली बादली.
सकाळी मी ब्राउझर उघडतो
आणि समोर करक आणायला जातो.
परत येतो, चहा निम्मा संपतो,
तरी पडद्यावरचं निळं वर्तुळ
घाण्याच्या बैलासारखं फिरतच असतं.

नऊ वर्षांपूर्वी हाच टिचकीसरशी हजर व्हायचा.
वर एक पट्टी, खाली पान. बस.
मग त्याच्यात हवामान आलं.
अजमानात हवामान! आज ऊन, उद्या ऊन.
मग कूपनं, बातम्या, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो,
आणि एक मदतनीस,
जो न बोलावता येतो
आणि जा म्हटलं तर
का जाऊ, ते तीन प्रश्नांत विचारतो.
भीक नको पण कुत्रा आवर.

शिजो, कोट्टायमचा, संगणक दुरुस्त करणारा,
पेचकस कानामागे खोचून म्हणाला,
"वाईट हेतूनं नाही केलं कोणी.
प्रत्येकानं एकेकच गोष्ट मागितली.
घालणाऱ्याला बढती मिळते.
काढणाऱ्याला शिव्या."

मी हसलो खरा,
पण खोलीतल्या माझ्या पलंगाखाली
मेलेल्या फोनांचे चार्जर आहेत पाच,
टँगचे रिकामे डबे,
आणि ताईच्या लग्नासाठी घेतलेलं, अजून प्लॅस्टिकात असलेलं ब्लँकेट.
ताईचा मुलगा आता सहावीत आहे.
मी आलो तेव्हा एकच बॅग होती.
तिचीही चेन तुटलीय,
पण असू दे, लागेल.

शेवटी बुधवारी रात्री नवा ब्राउझर घेतला.
सडपातळ, अबोल.
त्यानं एवढंच विचारलं:
जुन्या खुणा आणू का?
चारशे बारा होत्या.
बंद पडलेल्या विमान कंपनीचं तिकीटघर,
रुपयाचा भाव सांगणारं एक पान, जे कधीच उघडत नाही,
आणि खळे काकांनी जपून ठेवलेला
देवरुखच्या प्लॉटचा नकाशा.
खळे काका गेले, प्लॉटही गेला.
नको, म्हटलं.
मुंडण केल्यासारखं हलकं वाटलं.
गुरुवारी पापणी लवायच्या आत पानं उघडत होती.
पहिल्यांदाच करक शेवटपर्यंत गरम प्यायलो.

शुक्रवारी नमाजानंतर मोतालिब आला.
गवंडी आहे, सिल्हेटकडचा.
अकरा महिन्यांचा पगार अडकलाय, खटला चालू आहे.
दर शुक्रवारी तो घडी घातलेला कागद उघडतो,
मी नंबर टाकतो, अरबी पान येतं,
आणि जुना ब्राउझर त्याचं बांगला करून
एका बाईच्या आवाजात वाचून दाखवायचा.
ती सोय मी कधी मोजलीच नव्हती.
माझ्या हिशेबात तीही चरबीच.

नव्यात आवाज नव्हता.
मी स्वतःच वाचलं, हिंदीत सांगितलं:
तारीख पुढे गेली. सतरा तारीख.
त्यानं मान डोलावली, पण उठला नाही.
बोटांवरचं सुकलं सिमेंट खरवडत
हळूच विचारलं,
"आज ती बाई नाही?"

"तीही हेच सांगेल," मी म्हटलं.
"हो. पण ती सांगते तेव्हा
पुढची तारीख खरी वाटते."

जुना पुन्हा चढवला.
वर्तुळ फिरलं, फिरत राहिलं.
मोतालिब स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसला,
दवाखान्यात बसतात तसा.
मग ती आली.
ना मायेची, ना रागाची,
कोणत्याही गावची नसलेली,
नीट जोडाक्षरं उच्चारणारी.
तिनं तीच सतरा तारीख सांगितली.
त्यानं माझं पेन मागून ती तळहातावर लिहिली.

आता पडद्यावर दोन्ही आहेत.
यंत्र आधीपेक्षा मंद झालंय,
नवाही धापा टाकतो जुन्याच्या सोबतीनं.
शिजो पाहून कपाळाला हात लावतो:
"हे असंच होतं, सांगितलं होतं ना?
काढू का एक?"
मी बादलीतलं पाणी ओतायला उठतो.

शुक्रवारी मी करक दोन आणतो.