तीनदा हॉर्न

पहाटे पाचला, लाशे बंदराच्या धक्क्यावर
आम्ही फावड्यानं बर्फ भरतो.
वर तारल्या, बांगडे, गोणीभर शिणाणे.
ओब्दुलियाची वही माझ्या मांडीवर.
"नकाशा मिटव," ती म्हणते,
"हा रस्ता गिऱ्हाइकांनी आखलाय."
तिच्या गुडघ्यानं आता क्लच सोडलाय.
सोमवारपासून गाडी माझी.

डावीकडे समुद्र.
खाडीला पुरता वळसा घातला
तरी डावीकडेच,
खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी
आमची गाडी त्याच्याभोवती.
कोर्मेत एकदाच हॉर्न. बंदराचं गाव,
तिथं मासे विकायला जाणं म्हणजे जरा निर्लज्जपणाच,
पण पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईंचं
धक्क्यावरच्या सगळ्यांशी भांडण आहे.
तिच्यासाठी दोन सोल मासे. कातडी काढून.

मग चढ.
समुद्र आरशात जातो,
आधी ताटाएवढा, मग बशीएवढा,
मग निलगिरीची झाडं येतात
आणि त्यांचा वास आमच्या वासाशी भांडत
खिडकीतून आत घुसतो.
टेकडीमागं टेकडी, मक्याची, गवताची,
दगडी पायांवर उभ्या कणग्या,
उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून
प्रत्येक पायाला चपटी टोपी.
"दोसिंदा पैशांऐवजी अंडी देईल. घे.
रामिरोला दिसत नाही,
पण कालचा बांगडा त्याच्या हातात देऊ नकोस,
तो आईवरून शिव्या देतो."
मी लिहून घेते: आईवरून.

सगळ्यात वरच्या घराच्या खिडक्या बंद.
अंगणात गवत कमरेएवढं.
ती गाडी थांबवायला सांगते.
तीनदा हॉर्न.
वहीत बघते: एलाडिओ कास्तिन्येइरा,
दोन बांगडे, डोकी वेगळी बांधून.
"कोण आहे इथं?"
"फेब्रुवारीत गेला."

गवत हलतं.
लंगडत, अजिबात घाई न करता
एक पिवळा कुत्रा येतो, फाटकाशी बसतो,
गिऱ्हाईक बसतं तसा.
ती डोकी मोजून टाकते. चार.
मग वही माझ्याकडून ओढून
आकडा खोडते, नवा लिहिते.
"त्यानं नाताळला पन्नास युरो आगाऊ दिले होते.
अजून सव्वाचार शिल्लक आहेत."

उतारावर रिकाम्या पेट्यांत
वितळलेला बर्फ डचमळतो.
ओब्दुलिया झोपलीय, तोंड उघडं.
दोन टेकड्यांच्या फटीत समुद्र पुन्हा दिसतो,
आणि मी मनात भागाकार करतेय:
आठवड्याला चार डोकी,
डोक्याचे किती लावायचे?
विचारलंच नाही.
सव्वाचार युरो
मला हवे तितके दिवस पुरवता येतील.