चौकोन एकशे बारा

सकाळी उपग्रहाचा आकडा येतो:
चौकोन एकशे बारा, चौदा मिलिमीटर.
चौकोन म्हणजे पंचवीस किलोमीटर लांब, तेवढाच रुंद.
बार्शीच्या वरचा बालाघाट त्यात मावतो
इस्त्री केल्यासारखा.

मग साडेआठाच्या नोंदीनंतर मुजावरांचा फोन.
शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक ते सांभाळतात,
पोरं चिंचोके टाकतात म्हणून कुलूप घालतात.
"एकसष्ट, मॅडम. एकसष्ट पूर्णांक चार.
ओढ्यानं लोखंड्याची मोटर नेली."
आणि टेकडीच्या पल्याड?
"पल्याड आमची नसरीन दिलीय.
तिचं रात्रीचं धुणं वाळलंय की."

मी वहीत आणखी एक रकाना आखते:
नसरीनचं धुणं.

नान्ना साखर पेठेत चादरींची नक्षी काढायचे,
चौकटीच्या कागदावर. एक चौकोन, धाग्याची एक उडी.
मोराची मान वळवायची तर पायऱ्या पाडाव्या लागतात.
"मान गोल नसतेच," विडी विझवत म्हणायचे, अर्धं तेलुगूत,
"लांबून बघणारा ती गोल करून घेतो."

नान्ना, माझ्याकडे उलटं आहे.
लांबून बघणाऱ्यानं सगळं सपाट करून दिलंय
आणि मला एकाच चौकोनात
अख्खा मोर बसवायचाय.

मी उंची घालते, उतार घालते,
वारा नैर्ऋत्येचा असला की
पश्चिमेच्या अंगाला झुकतं माप.
चौदाचे अल्याड चाळीस होतात, पल्याड तीन.
सरासरी मात्र चौदाच ठेवायची,
पदरचा पाऊस घालायचा नाही.

चाळीस. एकसष्ट नाही.
वरचे एकवीस कुठून आणू?
ते फक्त मुजावरांच्या भांड्यात पडले,
आणि भांड्याचं तोंड भाकरीएवढंही नाही.
त्यावर किती डोंगर तोलायचा?

साहेब म्हणतात, एकसष्ट गाळा,
भांड्यात गडबड असणार.
मी फोन करून विचारते, शब्द जपून.
पलीकडे थोडा वेळ नुसती कोंबडी ओरडते.
"मग लोखंड्याची मोटर काय मी नेली, मॅडम?"

आकडा ठेवलाय. पेन्सिलीनं.
शेजारी प्रश्नचिन्ह, तेही पेन्सिलीनं.

खिडकीबाहेर सोलापूर. रिक्षावाल्यानं
सीटवर ओला टॉवेल अंथरलाय, रेक्झिन भाजतं म्हणून.
चौकोन एकशे सेहेचाळीस:
शून्य पूर्णांक शून्य.
इथं तो कधी चुकत नाही.