उणे ऐंशी, चौथा खण

औलूच्या वैद्यकीय विद्यापीठात
तळघराचा जिना उतरलात की
डाव्या हाताला बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या,
उजव्या हाताला राइलीची वही.

वेळापत्रक संगणकावरही आहे, रंगीत आहे,
पण राइली कोर्टेनिएमीचा भरवसा वहीवर.
कोण आलं, किती वाजता, कुठलं यंत्र,
कुणाच्या खात्यावर मांडायचं,
आणि शेवटच्या अरुंद रकान्यात पेन्सिलीनं:
भिंग पुसलं. भिंग नाही पुसलं.
हा रकाना तिनं स्वतः आखलाय.
मोठमोठी माणसं त्यालाच बिचकतात.

सूक्ष्मदर्शक एक, दावेदार एकोणीस.
दिवसाचे तास प्राध्यापकांचे,
उरलेली रात्र पोरांची.
पहाटे तीनची पाळी हेल्मीला.
उंदराच्या काळजाचा केसाहून पातळ काप
काचेवर घेऊन ती खाली येते,
दिवा मालवते, लेझर लावते,
आणि काळोखात हिरवं काहीतरी
जाळीजाळीनं उमलत जातं.
ते बघायला त्या घटकेला
अख्ख्या जगात ती एकटी.
पाच वाजता पुढचा दार ठोठावतो.

सामाईक म्हटलं की कुरबुर आलीच.
हापाला आणि लिंडक्विस्ट नऊ वर्षं बोलत नाहीत.
एका शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून.
फ्रीझर मात्र शेजारी शेजारी,
एकाच भिंतीतून वीज पिणारे,
एकाच सुरात घुमणारे.

जानेवारीत, रात्री पावणेदोनला,
चार नंबरचा सूर थांबला.
राइलीच्या उशाशी फोन ओरडला:
उणे एकोणऐंशी.
ती गाडीवरचं बर्फ खरवडेपर्यंत उणे चौऱ्याहत्तर.
जिना उतरेपर्यंत उणे अडुसष्ट.

बाहेर उणे एकतीस होतं.
यालमारी, नवा पोरगा, म्हणाला,
खोकी अंगणात मांडली तर?
कुणी हसलं नाही.
या नमुन्यांना ती थंडी म्हणजे वैशाख.

हेल्मी सूक्ष्मदर्शक सोडून धावली.
हापाला आले, रात्रीच्या लेंग्यावर ओव्हरकोट.
पेटी त्यांचीच होती, आणि तोंडाला कोरड.
लिंडक्विस्टनी आपलं दार उघडलं.
आत दोन खण रिकामे,
अजून न मिळालेल्या अनुदानासाठी राखलेले.
द्या इकडे, म्हणाले.
नऊ वर्षांत एवढंच.
मग हातमोज्यातून हातमोज्यात,
पाणी शेंदताना घागरी फिरतात तशी
खोकी फिरत राहिली.

चौथ्या खणात, पार मागे,
बर्फाच्या थराखाली एक खोकं निघालं.
निळी शाई. व. स. टाकू नये.
एक्याऐंशी कुप्या.
नाव कुणाचंच नाही, नुसते आकडे,
बाई, पुरुष, वय.
एका कुपीवर वय सहा.

राइलीनं सगळ्यांना विचारलं.
जुन्या याद्या काढल्या, निवृत्तांना फोन केले.
व. स. कुणालाच आठवेना.
एक म्हणाला, विणकाम करणारी एक बाई होती खरी,
पण ती दुसऱ्या मजल्यावरची.
भाडं कुणी भरत नव्हतं.
खण वर्षानुवर्षं अडलेला.
नियमाप्रमाणे नव्वद दिवसांची नोटीस, मग भट्टी.

सहा वर्षांच्या कुणीतरी
हात पुढे केला असेल.
सुई टोचताना कुणीतरी म्हटलं असेल,
तिकडे बघ, खिडकीत पक्षी आहे.

सकाळी वही उघडली.
खोकं एक, कुप्या एक्याऐंशी,
हलवून ठेवलं पाचव्या पेटीत, खालच्या खणात.
खात्याच्या रकान्याशी पेन थबकलं.
एकतीस वर्षांत तो रकाना
तिनं कुणाला कोरा सोडू दिला नव्हता.
लिहिलं: घरचं.

त्याखाली:
हेल्मीची तीनची पाळी बुडाली, शुक्रवारी द्यावी.
आणि त्याच्या वरची, काल संध्याकाळची ओळ
पुरी करायची राहून गेली होती,
तिच्या टोकाला, पेन्सिलीनं, बारीक:
हापाला. भिंग नाही पुसलं.